झाड तोडण्याआधी काडी घ्या
(आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी, ठाणे)

"बाजारातल्या पेअरच्या बिया कुंडीत लावल्यात, फळ कधी धरेल?" हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. ठाण्यात धरणार नाही. पेअरच्या कळीला आधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. पण तेच रोप हिमाचलात नेऊन लावलं तरी फळ मूळच्यासारखं येणार नाही. पेअरला सहसा स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो, त्यामुळे बी निघते ती मिसळलेलीच. आपल्या रायवळ आंब्याचं असंच आहे.

म्हणून पेअरची जात जपायची तर झाडच जिवंत ठेवावं लागतं. बार्टलेट नावाचा पेअर अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एका झाडावर सापडला. आज जगभर असलेलं बार्टलेटचं प्रत्येक झाड त्याच एका झाडाच्या काडीची, म्हणजे कलमासाठी कापलेल्या डहाळीची, काडी आहे. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या कोर्व्हालिसला पेअरची सरकारी जनुकपेढी, म्हणजे जाती जपून ठेवणारी संस्था, आहे. तिथे जाती बागेत उभ्या आहेतच, शिवाय काहींचे कोवळे शेंडे काचनळीत थंड जागी वाढवतात आणि काही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. बागेत रोग शिरला तरी जात हातची जाऊ नये, म्हणून एवढी काळजी.

चोकबेरी, म्हणजे अरोनिया, हे उत्तर अमेरिकेतलं काळ्या तुरट फळांचं झुडूप. त्याचा संग्रह आयोवातल्या एम्सला आहे. काळ्या अरोनियाच्या बीपासून पुष्कळदा रोप आईसारखंच निघतं, म्हणून त्याची जात जपणं पेअरपेक्षा सोपं.

आता आपल्या आंब्याकडे येऊ. नॉर्वेतल्या स्वालबार्डला २००८ साली बियाण्यांची मोठी पेढी सुरू झाली. तिथे हापूस ठेवता येत नाही. कोय वाळवली की मरते, आणि रुजली तरी हापूस देईल याची खात्री नाही. नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या आवारांमधले बिननावाचे गोड आंबे तर कुठल्याच पेढीत नाहीत. ते फक्त त्या एका झाडावर आहेत.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आमच्याकडे सुकलेल्या डहाळ्या घेऊन आल्या. पुनर्विकासात त्यांचं झाड पंधरा दिवसांपूर्वी तोडलं होतं. आम्ही काहीही करू शकलो नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे. सोसायटीत पुनर्विकासाची नुसती चर्चा सुरू झाली तरी कृपया आमच्याकडे या.

आंब्याचं कोय कलम, म्हणजे कोयीपासून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी जोडणं, जून ते ऑगस्टमध्ये चांगलं साधतं. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब असावी. शेंड्याचा डोळा फुगलेला, पण फुटलेला नको. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटा, देठ तसेच राहू द्या. कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी आणा. निदान सहा काड्या हव्यात, कारण सगळी कलमं जगत नाहीत. फणस-जांभळासाठी आधी फोन करा, त्यांची वेळ वेगळी असते.

जगलेल्या कलमांपैकी एक स्वतःकडे ठेवा, दुसरं गावी किंवा नातेवाइकांकडे लावा. जनुकपेढ्याही एकाच जागेवर भरवसा ठेवत नाहीत. कुंडीला पाटी लावा: झाड कुठलं, कुणी लावलं, फळ कधी पिकतं. जातीचं नाव ठाऊक नसेल तर "काकूंच्या विहिरीजवळचा" एवढं लिहिलं तरी चालेल.