जास्त एमबी म्हणजे जास्त क्वालिटी? तसं नसतंय

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा व्हिडिओ कुणी पाठवला की हमखास ऐकू येतंय, "एवढीशी फाईल? क्वालिटी गेली बघ, मोठी पाठव." हे खरं नाही, आणि वर्षानुवर्षं लोक हेच धरून बसलेत म्हणून लिहितोय.

फाईलचा साईज कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या आणि बघताना परत उलगडायच्या पद्धतीवर पण ठरतो. एच.२६४ हा कोडेक आला 2003 ला, त्यात फ्रेमचे, म्हणजे व्हिडिओतल्या एकेक चित्राचे, 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन करून काम चालायचं. 2013 च्या एचईव्हीसी कोडेकमध्ये हे चौकोन 64 बाय 64 पर्यंत गेले, म्हणजे मोकळं आभाळ किंवा सपाट भिंत थोडक्यात सांगून होते, शिवाय आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठं सरकला याचा अंदाज पण जास्त नेमका, त्यामुळं तीच क्वालिटी साधारण निम्म्या डेटात बसते. पुढं 2018 ला एव्ही1 आणि 2020 ला व्हीव्हीसी हे कोडेक आले, त्यात अजून बचत.

आता सीन कसला आहे ते पण बघा. स्टेजवर एकजण उभा राहून भाषण करतोय तर मागचा पडदा हलतच नाही, थोडा डेटा पुरतो. पण गुलाल उधळला की प्रत्येक कण वेगळीकडं जातोय, अंदाज बांधायला काही मिळतच नाही, तिथं कुठलाही कोडेक दमतो आणि डेटा कमी पडला की चौकोन दिसायला लागतात.

आणि एक, बारीक फाईल कन्व्हर्टरमध्ये घालून मोठी केली तर गेलेले बारकावे परत येत नाहीत, नुसतं मेमरी कार्ड भरतंय.

जुन्या टीव्हीवर एचईव्हीसी फाईल लागली नाही तर फाईल खराब समजू नका, त्या टीव्हीत ती उलगडणारा डिकोडरच नसेल.