बेटकास्टिंग रीळमधले ब्रेक मॅग्नेट सडतात, त्याची मुळं 1978 सालात आहेत

खाऱ्या पाण्यावर बेटकास्टर, म्हणजे आडव्या स्पूलचं (तंगूस गुंडाळायच्या फिरकीचं) मासेमारीचं रीळ, वापरणाऱ्याला हे कधी ना कधी दिसतंच. साइड प्लेट, म्हणजे रिळाच्या बाजूचं झाकण, उघडलं की ब्रेकच्या मॅग्नेटवर तपकिरी पावडर, एखादा फुगून स्पूलला घासतोय, एखाद्याचा टवकाच उडालाय. बरेच जण म्हणतात माल हलका होता, पण खरं कारण त्या धातूतच आहे आणि ते समजायला जरा मागे जावं लागतं.

सगळी सुरुवात गुंत्यापासून. ल्युअर (नकली आमिष) फेकला की हवेत त्याचा वेग कमी होत जातो, स्पूल मात्र आपल्या नादात फिरत राहतो, मग तंगूस गरजेपेक्षा जास्त सुटते आणि गुंता होतो. 1820 च्या आगेमागे अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने गिअर लावलेलं रीळ बनवलं, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे बरेच फेरे, तिथूनच आजच्या बेटकास्टरचं घराणं चालू होतं. ब्रेक म्हणजे स्पूलवर दाबलेला अंगठा. पुढे कित्येक वर्षं मुख्य भिस्त त्याच्यावरच होती.

नंतरचं मोठं पाऊलही घड्याळवाल्यांचंच, आणि मला हा धागा फार आवडतो. स्वीडनमध्ये स्वेंगस्टा इथे 1921 ला आबू कंपनी निघाली, तिच्या मूळ नावातच घड्याळ कारखाना असा शब्द आहे, ते लोक टॅक्सीमीटर बनवायचे, दुसऱ्या महायुद्धात ती मागणी आटली तेव्हा रिळांकडे वळले आणि 1952 ला अँबॅसडर 5000 आलं. त्यातला ब्रेक सेंट्रिफ्युगल, म्हणजे स्पूल फिरला की छोटे ठोकळे बाहेर सरकून रिंगला घासतात.

मॅग्नेटवाला ब्रेक कुठेच घासत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने 1855 लाच दाखवलं होतं की चुंबकासमोर तांब्याची चकती फिरवायला जास्त जोर लागतो, कारण धातूत प्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. ॲल्युमिनियमचा स्पूल चुंबकाला चिकटत नाही पण या प्रवाहांमुळे अडतो, आणि जितका वेगात फिरेल तितका जास्त अडतो. 1980 च्या दशकात जपानी कंपन्यांच्या रिळांतून हे चांगलंच पसरलं.

आता मुद्दा असा की रीळमध्ये जागा काही मिलिमीटरचीच, मग मॅग्नेट लहान आणि जबरदस्त ताकदीचा पाहिजे. 1970 च्या दशकात असा ताकदवान मॅग्नेट म्हणजे समेरियम-कोबाल्ट, आणि तो सहसा गंजत नाही. पण 1978 ला झैरेच्या (आजच्या काँगोच्या) शाबा प्रांतात लढाई पेटली, जगातलं बरंचसं कोबाल्ट तिथूनच यायचं, भाव भडकले आणि सगळे कोबाल्टशिवाय मॅग्नेट शोधायला लागले. जपानमध्ये सुमितोमो कंपनीत मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे लोक, दोघांनीही वेगवेगळं काम करून नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा मॅग्नेट काढला, 1983 ला तो जाहीर झाला. स्वस्त आणि आधीच्यापेक्षाही ताकदवान.

पण त्याच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग लोखंड! त्यातही कणांच्या सांध्यांमध्ये नियोडिमियमचं प्रमाण जास्त असतं आणि ओलावा पहिल्यांदा तेच खातो, मग कण सुटे होतात, म्हणून हा मॅग्नेट खिळ्यासारखा नुसता वरून गंजत नाही, आतून भुगा होतो. निकेल-तांबं-निकेल असा मुलामा देतात पण तो मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ, काढताना स्क्रूड्रायव्हर लागून चरा पडला की खारं पाणी तिथूनच आत शिरतं. खाडीत जिताड्यामागे फिरून आलं की रीळ गोड्या पाण्याने धुऊन, साइड प्लेट उघडून वाळवणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं.

बदलायचे असतील तर जुना मॅग्नेट फुगलेला असतो, त्याचं माप घेऊ नका, ज्या खाचेत बसतो तिचं घ्या. जुना गोंद सोडवायला गॅसची टॉर्च अजिबात नको, साधा नियोडिमियम मॅग्नेट 80 अंश सेल्सियसच्या वर गेला की ताकद गमवायला लागतो आणि शेजारचे चांगले मॅग्नेटही वाया जातील. काढण्याआधी प्रत्येकाची वरची बाजू मार्करने खूण करून ठेवा, कारण बऱ्याच रिळांत ते उत्तर-दक्षिण असे आलटूनपालटून बसवलेले असतात, सगळे एकाच बाजूने बसवले तर स्पूलला चुंबकाचा बदल फारच कमी जाणवतो, ब्रेक ढिला पडतो आणि पहिल्याच फेकीत गुंता.