गणित पाठाची प्रस्तावना

गणिताच्या तासिकेच्या आरंभी विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान जागे करणाऱ्या आणि नव्या संकल्पनेची गरज त्यांना जाणवून देणाऱ्या पाच-सात मिनिटांच्या कृतीला प्रस्तावना म्हणतात. जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी पाच पायऱ्यांची अध्यापनपद्धती बांधली. मराठी पाठ टाचणातील, म्हणजे तासिकेच्या लेखी आखणीतील, ‘प्रस्तावना’ आणि ‘हेतुकथन’ (पाठाचा हेतू सांगणे) या पायऱ्या त्याच परंपरेतल्या आहेत.

शिक्षक-प्रशिक्षणातल्या सराव पाठांत तीन-चार प्रश्न विचारून मुलांकडून घटकाचे नाव वदवून घ्यायचे आणि ते फलकावर लिहायचे, असा प्रघात पडला आहे. त्यातून पूर्वज्ञान तपासले जाते, मात्र मुले बहुधा शीर्षक ओळखण्यापुरताच विचार करतात. जिचे उत्तर शोधताना त्या दिवशीची संकल्पना हाताशी घ्यावीच लागते, तीच प्रस्तावना खरी सर्जनशील होय. नुसती मनोरंजक गोष्ट तेवढे काम करू शकत नाही.

याचे उत्तम साधन देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या शोधात सापडते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया करीत राहावे. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४ मिळते. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सारा वर्ग ६१७४ वर येतो. प्राथमिक वर्गात ही हातच्याच्या वजाबाकीची उजळणी ठरते. तीन अंकी संख्यांसाठी उत्तर ४९५ येते, आणि तेथे पहिल्याच वजाबाकीत मधला अंक नेहमी ९ का, हा प्रश्न माध्यमिक वर्गाला थेट बीजगणितात नेतो. सर्वांत मोठा अंक क, मधला ख आणि सर्वांत लहान ग मानल्यास वजाबाकी ९९(क − ग) इतकी होते. अक्षरे कशासाठी वापरायची, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

घातांकांसाठी ०.१ मिमी जाडीचा कागद ४२ वेळा दुमडला अशी कल्पना करून जाडीचा अंदाज मागता येतो. ती सुमारे ४.४ लाख किमी, म्हणजे चंद्राच्या ३,८४,४०० किमी या सरासरी अंतराहून अधिक भरते. वर्तुळाच्या परिघासाठी निरनिराळ्या बांगड्या व दोरा पुरेसा असतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) भुंग्यांचे उदाहरणही समीकरणाच्या पाठाला आजही शोभते: थव्याचा पंचमांश कदंबावर, तृतीयांश शिलीन्ध्रावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट कुटजावर आणि एक भुंगा हवेत, तर एकूण किती?

अशा आरंभी पाठ्यपुस्तक मिटलेले असावे. मुलांचे अंदाज, चुकीचेसुद्धा, फलकाच्या एका बाजूस लिहून ठेवावेत आणि त्यांचा निकाल शिक्षकाने न सांगता पाठाच्या ओघात मुलांनीच लावावा.