पार्श्वभूमी : साताऱ्याकडे देवाचा पुरावा कसकसा बदलला

साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनऱ्यांनी शहरात ठाणं मांडलं. त्या काळच्या अमेरिकन कॉलेजांत देवाच्या अस्तित्वाचा एक पुरावा घोकून घेतला जाई. इंग्लंडमधल्या एका पाळकाने तो १८०२ साली छापला होता. माळावर घड्याळ पडलेलं दिसलं तर ते आपोआप झालं असं कुणी म्हणत नाही, मग डोळा तरी आपोआप कसा होईल? पण हा पुरावा रचला होता युरोपातल्या संशयवाद्यांसाठी. साताऱ्याच्या पेठेत देवच नाही असं म्हणणारा माणूस तेव्हा दिवा घेऊन शोधावा लागला असता. इथला वाद कोणता देव खरा, एवढाच होता.

शिवाय शास्त्रीमंडळींना यात नवं काही नव्हतं. घट हे कार्य आहे, त्याचा कर्ता कुंभार. पृथ्वीही कार्य आहे, तेव्हा तिलाही कर्ता हवा, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं अनुमान. दहाव्या शतकातल्या ‘न्यायकुसुमांजली’त ते बांधेसूद मांडलेलं आहे. त्यावरचे आक्षेपही जुनेच. कुंभाराला हातपाय असतात, तुमच्या जगत्कर्त्याला आहेत का, असं मीमांसक, म्हणजे वेदातलं यज्ञकर्मच प्रमाण मानणारे पंडित, विचारत आले. खुद्द ब्रिटनमध्येही १७७९ सालीच, म्हणजे घड्याळाच्या पुस्तकाआधी, याच वळणाच्या शंका छापून आल्या होत्या.

नेमक्या जागी बोट ठेवलं ते काशीत वाढलेल्या एका कोकणस्थ पंडिताने. १८४८ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ काढलं. नैयायिकांच्या मते परमाणू अनादी, जीवही अनादी. मग त्यांचा ईश्वर हाताशी असलेल्या मालातून वस्तू घडवणारा ठरतो, काहीच नसताना निर्माण करणारा नव्हे. अनुमान सारखंच, पण निघणारा देव वेगळा. ख्रिस्ती बाजूने केलेला हा त्या शतकातला सर्वांत कसदार युक्तिवाद, असं माझं मत.

दुसरा धक्का सत्यशोधकी विचाराने दिला. १८७३ साली पुण्यात या चळवळीची सुरुवात करणाऱ्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि त्यांचं शिक्षण मिशनच्या शाळेतलं. सृष्टीकडे पाहून एक निर्मिक मानायचा, पण मध्ये भट नको आणि कुठल्याही एका ग्रंथाची मक्तेदारीही नको. म्हणजे घड्याळाचा पुरावा मान्य, पण गाडी निर्मिकापाशी थांबते, क्रुसापर्यंत जात नाही. सातारा जिल्ह्यात पुढे ही चळवळ कशी फोफावली ते सांगायला नको.

निर्मिक आणि क्रूस यांतली ही फट बुजवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न खुद्द साताऱ्यात झाला, १९१७ साली. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला, पुढे नगरला मिशनच्या सेवेत असलेला एक नावाजलेला मराठी कवी त्या वर्षी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिला आणि त्याने ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून यायचे. ख्रिस्ती मंडळीत या दरबारावर आक्षेप आले त्याचं मूळ तेच.

या कवीचा पुरावा अनुमानाचा नव्हताच, अनुभवाचा होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं तो म्हणे. त्याची पदं आजही मंडळीत (चर्चमध्ये) गायली जातात, आणि कीर्तनही करायचा तो. ख्रिस्ती कीर्तनाचा साचा आपल्या कीर्तनासारखाच : पूर्वरंगात विषय, मध्ये पदं आणि टाळांचा गजर, उत्तररंगात शुभवर्तमानातलं (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं) आख्यान. योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला जन्मांध घ्या. परूशी (कर्मठ यहुदी धर्मपुढारी) त्याची उलटतपासणी घेतात, तुला बरं करणारा येशू पापी आहे हे कबूल कर म्हणतात. तो म्हणतो, पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. मंडळीत ‘साक्ष देणं’ म्हणतात ते हेच.

आक्षेप घेणाऱ्यांचंही चूक नव्हतं. बाप्तिस्म्याची खूण काढून घेतली तर मंडळी आणि बाहेरचे यांत भेद काय उरला? आणि ज्यांनी बाप्तिस्म्यापायी घरदार गमावलं त्यांना काय वाटावं? धर्म बदलला तरी वारसाहक्क बुडणार नाही असा कायदा १८५० सालचाच, पण गावातलं रोटी-बेटी आणि पाणी कायद्याने परत मिळत नव्हतं. उलट बाजूने पाहा : पुरावा अनुभवाचाच मानायचा, तर बाप्तिस्मा न घेतलेल्याचा अनुभव खोटा कोणत्या तोंडाने म्हणायचं? बाप्तिस्म्याची खूण सोडण्याची किंमत कवीने मोजली आणि तो बरोबर होता, असं मला वाटतं. त्यातली कच्ची बाजू मात्र लपत नाही. पंढरीच्या वारकऱ्यालाही असाच अनुभव येतो, आणि पुलावरून दोन्हीकडे जाता येतं. १९१९ च्या मे महिन्यात कवी गेला आणि त्याच्यामागे दरबारही टिकला नाही.

सांगलीकडे पुराव्याने तिसरंच रूप घेतलं. मिरजेत १८९४ साली मिशनचं इस्पितळ उभं राहिलं आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण तिथे येऊ लागले. देव आहे का, यावर तिथे कुणी वाद घालत बसलं नाही, रुग्णसेवा हाच तिथला पुरावा.

खरा नास्तिक श्रोता या भागात आला तो विसाव्या शतकात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. पण त्या चळवळीची जाहीर भूमिका देवाविरुद्ध नाही, फसवणुकीविरुद्ध आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही देवाच्या अस्तित्वावर अवाक्षर काढत नाही. प्रार्थनेला त्यात बंदी नाही. चमत्काराचा दावा करून लुबाडणं, फसवणं हा गुन्हा आहे. प्रार्थनेने आजार बरा झाला, याच एका पुराव्यावर भिस्त ठेवणाऱ्या सभांना त्यामुळे जपून बोलावं लागतं, आणि ते बरंच झालं.

कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलांपुढे हल्ली मोबाइलवरून आलेले मुद्दे असतात : विश्वाचे काटेकोर जुळलेले स्थिरांक (निसर्गनियमांतले न बदलणारे आकडे), येशूची रिकामी कबर आणि महास्फोट (बिग बँग). यातला शेवटचा जपून वापरावा. विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा बेल्जियन शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोपनी आपल्या भाषणात नव्या विश्वशास्त्राला निर्मात्याच्या साक्षीला उभं केलं, तेव्हा हाच माणूस नाराज झाला. सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धेचं काय, ही त्याची काळजी असावी. विज्ञान आणि श्रद्धा यांची अशी मोट बांधू नये, हे त्याने पुढेही धरून ठेवलं.