‘मूढ नास्तिक’ आणि बंधुतेची अट: फ्रीमेसनरीतील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ ही पाथरवटांची अवजारे फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेत आचरणाची प्रतीके कशी ठरली, हे वाचकांना परिचित असेलच. खरा गुंता आहे तो पाणसळीचा (समतल पाहण्याच्या अवजाराचा) दाखला देऊन सर्वांना समान म्हणणाऱ्या या बंधुतेत घ्यायचे कोणाला, ईश्वर न मानणाऱ्यालाही घ्यायचे का, याचा.

लंडनमधील चार लॉज, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखा, १७१७ मध्ये एकत्र आले आणि त्यांची मध्यवर्ती संस्था झाली. त्यानंतरच्या १७२३ च्या नियमावलीने सदस्यावर सर्व माणसांना मान्य असलेल्या धर्माचेच बंधन घातले आणि बाकीची मते ज्याची त्याच्याकडे राहू दिली. आपली कला नीट उमगलेला मेसन (या बंधुतेचा सदस्य) कधीही ‘मूढ नास्तिक’ होणार नाही, असेही तीत म्हटले होते. हे भाकीत आहे की प्रवेशाची अट, याचा उलगडा त्या वाक्यातून होत नाही, आणि ही संदिग्धता दीर्घकाळ अनेकांच्या सोयीची ठरली. ईश्वरासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘विश्वाचा महान शिल्पकार’ या शब्दप्रयोगातही ज्याला त्याला आपापला देव पाहता येत असे. (स्त्रिया आणि गुलाम यांना मात्र त्याच नियमावलीने अगदी स्पष्ट शब्दांत वगळले होते.)

फ्रान्समधील प्रमुख संस्थेने १८४९ मध्ये ईश्वराचे अस्तित्व आणि आत्म्याचे अमरत्व ही तत्त्वे आपल्या घटनेत घातली व १८७७ मध्ये ती काढून टाकली. या निर्णयाला सर्रास नास्तिकांचे बंड म्हटले जाते, ते अन्यायाचे आहे. ठरावाच्या बाजूने अहवाल मांडणारे गृहस्थ स्वतः प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते, आणि घटनेत ईश्वर नाकारलेला नव्हता, तर त्याविषयीची सक्ती उठवून सदसद्विवेकाचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य केले होते. लंडनच्या संस्थेने मात्र पुढच्याच वर्षी शिल्पकारावर श्रद्धा नसलेल्यांना खरे बंधू मानण्याचे नाकारले आणि १९२९ मध्ये ती श्रद्धा इतर संस्थांना मान्यता देण्याच्या मूलतत्त्वांत समाविष्ट केली.

लॉज भरलेला असताना धर्मग्रंथ उघडा असावा, त्यावर गुण्या आणि कंपास असावेत, हेही त्याच तत्त्वांत येते. इंग्लिश परंपरेत पहिल्या दीक्षेच्या वेळी कंपासाची दोन्ही टोके गुण्याखाली झाकलेली असतात, दुसऱ्या दीक्षेत एक टोक वर येते, तिसऱ्या दीक्षेत दोन्ही. फ्रान्समधील अनेक लॉजमध्ये ग्रंथाच्या जागी संस्थेची घटना ठेवतात.

श्रद्धेच्या अटीने बंधुता शाबूत राहते, हा अट राखू पाहणाऱ्यांचा युक्तिवाद अमेरिकेत फारसा टिकत नाही. बॉस्टनमधील कृष्णवर्णीय मेसनांच्या लॉजला लंडनच्या संस्थेने १७८४ मध्ये सनद (लॉज चालवण्याची अधिकृत परवानगी) दिली होती. तिथे ग्रंथही तोच होता आणि शिल्पकारही तोच. तरीही त्या परंपरेला गोऱ्यांच्या संस्थांकडून मोठ्या प्रमाणावर मान्यता मिळू लागली ती १९८९ पासून.