लोह संपलं की पेशा बदलणारं प्रथिन

२०२२ साली आयटी कंपन्यांमधल्या 'मूनलाइटिंग'वरून केवढा गदारोळ झाला होता! दिवसा एकाची नोकरी, रात्री गुपचूप दुसऱ्याचं काम. पुण्यातल्या कितीतरी आईबापांना हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा कळला. जीवरसायनशास्त्रात मात्र कॉन्स्टन्स जेफरी यांच्या १९९९ च्या लेखापासून तो रुळलेला आहे. एकाच प्रथिनाने दोन परस्परांशी संबंध नसलेली कामं करायची, हे ते मूनलाइटिंग. बदकाच्या डोळ्याच्या भिंगातलं एक प्रथिन म्हणजे इतर पेशींत साखर वापरताना लागणारं एक विकरच (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) आहे, हे १९८७ मध्ये कळलं तेव्हा भलेभले चक्रावले होते.

चक्रावणं साहजिकच होतं. बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये पावावरच्या बुरशीवर प्रयोग केले आणि त्यातून 'एक जनुक, एक विकर' हे सूत्र आलं. आपणही शाळेत कुलूप-किल्लीचं चित्र काढून तेच शिकलो. ते चूक नाही, पण त्यात एक किल्ली एकाच कुलपाची असते.

माझं आवडतं उदाहरण ॲकोनिटेज या विकराचं. सायट्रेटचं आयसोसायट्रेट करणं हे त्याचं काम. अन्नातून ऊर्जा काढणारं क्रेब्स चक्र पाठ केलेल्यांना ते आठवेल, पण मी म्हणतो ते तंतुकणिकेतलं (मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं) नव्हे, बाहेर पेशीद्रवात असणारं. त्याच्या पोटात चार लोह आणि चार गंधक अणूंचा एक इवलासा ठोकळा असतो. तीन लोह अणूंना प्रथिनाने घट्ट धरलेलं असतं, चौथा मोकळा. सायट्रेट येऊन चिकटतं ते त्या मोकळ्या अणूला.

आता पेशीतलं लोह कमी झालं असं समजा. नवे ठोकळे बांधायला माल नाही, आणि असलेले ऑक्सिजनच्या माऱ्याने विस्कटतात. ठोकळा गेला की विकराची नोकरी गेली. पण रिकामं प्रथिन पसरून उघडतं, आणि ठोकळ्याच्या त्याच जागेपाशी आरएनएची केसाच्या आकड्यासारखी वळलेली एक घडी बरोबर बसते. ही घडी फेरिटिन या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे ते प्रथिन बनवायची कृती वाहून नेणाऱ्या प्रतीच्या, सुरुवातीला असते. फेरिटिन म्हणजे लोह साठवायची कोठी. घडीवर प्रथिन ठाण मांडून बसलं की ती कृती वाचून प्रथिन बनवणाऱ्या रायबोझोमला वाचन सुरूच करता येत नाही, कोठी बांधली जात नाही. नसलेलं धान्य ठेवायला कणगी कशाला?

उलट, रक्तातलं लोह पेशीत ओढून घेणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनाच्या आरएनएत अशा पाच घड्या असतात, आणि त्या शेपटाकडे. तिथे तेच प्रथिन बसलं की आरएनए कुरतडला जात नाही, जास्त काळ टिकतो, ग्राही वाढतात. म्हणजे बसायची रीत तीच, पण सुरुवातीला बसलं तर उत्पादन बंद आणि शेवटाला बसलं तर चालू. लोह परत आलं की ठोकळा बांधला जातो, आरएनएला जागा उरत नाही, आणि स्वारी पुन्हा सायट्रेटच्या कामावर हजर. या प्रथिनाला लोह मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. कामाचं हत्यार हेच मोजमाप.

साडेसाती टळावी म्हणून घोड्याच्या नालेची अंगठी घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की पेशीचा हिशोब तिच्या आत पोचलेल्या अणूंचा असतो. बोटातलं लोखंड त्यात धरलं जात नाही. ग्रहाचं तर सोडाच.

हे एकच प्रथिन आहे हे कळलं तेही गमतीने. आरएनएवर बसणारं प्रथिन शोधणारे संशोधक वेगळे, ॲकोनिटेजवाले वेगळे. १९९१ मध्ये अमिनो आम्लांचे क्रम शेजारी ठेवून पाहिले, तर दोघांचं गोत्र एकच निघालं. पुढे प्रयोगांनीही ते पटलं.

तंतुकणिकेतला त्याचा भाऊ मात्र सस्तन प्राण्यांत ही आरएनएची नोकरी करत नाही. तो निष्ठावान, असं मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना सांगत असे. मग २००५ चा एक शोधनिबंध वाचनात आला. यीस्टमध्ये हाच निष्ठावान भाऊ तंतुकणिकेतला डीएनए सांभाळतो, आणि त्यासाठी त्याला सायट्रेटचं काम येण्याचीही गरज लागत नाही.