पुण्याला मंदी कुठून लागते

मंदीचा विषय निघाला की पुण्यात कुणीतरी म्हणतंच, "पेन्शनर आणि विद्यार्थी आहेत तोवर या शहराला धक्का नाही." हा निव्वळ फुकाचा आत्मविश्वास नाही, त्याला जुना आधार आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि दरबाराच्या मागणीवर जगणारे कारागीर उघडे पडले. पण कॅम्पात आणि खडकीत इंग्रजांचं लष्कर येऊन बसलं होतं. १८६९ पासून खडकीत दारूगोळ्याचा कारखाना चालू झाला. त्यापाठोपाठ कचेऱ्या आणि कॉलेजं वाढली, नोकरी संपवून पेठांत स्थायिक होणारी माणसं आली. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा येणारं गाव, अशी पुण्याची घडण झाली.

गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली, म्हणजे जागतिक महामंदीच्या तोंडावरच स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली त्याच दशकात संस्थेने शहराची घरोघर पाहणी केली. तिच्यात दिसणाऱ्या पुण्यात मोठे कारखाने जवळजवळ नाहीत. आहेत ते पगारदार, हातमागवाले, तांबट, विडी वळणाऱ्या बायका, किरकोळ दुकानदार. शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा शेतकरी सावकाराच्या दारात गेला, तर ठरलेला पगार घेणाऱ्याच्या रुपयात जास्त धान्य येऊ लागलं. पेठेत "आपल्याला मंदी लागत नाही" असं वाटणं साहजिक होतं. ते वाटणं तांबट आळीतही तितकंच खरं होतं का, हा प्रश्न पेठेत फारसा विचारला गेला नसावा.

पुढे शहराचं पोट बदललं. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि १९६२ मध्ये एमआयडीसी. मग टेल्को (आजची टाटा मोटर्स), आकुर्डीचा बजाज, मुंढव्याचं भारत फोर्ज. मुंबई जवळ, जमीन मोकळी आणि हाताशी १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज. या मोठ्यांच्या भोवती भोसरी, चिखली, तळवडे इथे हजारो शेड उभे राहिले. कुणी टर्निंग करून देतो, कुणी हीट ट्रीटमेंट, कुणी नुसतं पॅकिंग. पुण्याची आजची मंदी समजून घ्यायची तर या शेडपासून सुरुवात करावी लागते.

त्याआधी १९७२. स्वातंत्र्यानंतर २०२० पर्यंत देशाचं उत्पन्न प्रत्यक्ष घटलं ते चारच वर्षांत: १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८०. चारही वेळा पावसाने दगा दिला होता. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबं पुण्यात आली. रोजगार हमी तेव्हाच आकाराला आली, पण सगळेच खडी फोडायला थांबले नाहीत. हमाली, बिगारी, कचरावेचणी ही शहराची कामं अशा कुटुंबांच्या अंगावर आली. धान्य महागलं तेव्हा बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्याला परवडणाऱ्या दरात झुणका-भाकर देणारी ही केंद्रं म्हणजे मंदीला पुण्याने दिलेलं सर्वांत टिकाऊ उत्तर, असं माझं मत आहे.

नव्वदच्या दशकानंतर मात्र देशाची मंदी आणि पुण्याची मंदी यांची तारीख जुळेनाशी झाली. २०००-०१ मध्ये देश वाढतच होता, आणि टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. कारण ट्रक. मालवाहतूक जराशी थंडावली की वाहतूकदार सर्वांत आधी नवा ट्रक पुढे ढकलतो. जुना अजून दोन वर्षं पळतो, त्याला घाई नसते. म्हणून देशाच्या आकड्यात साधी घसरणही दिसायच्या आत भोसरीतल्या शेडांना मोठ्या कंपन्यांकडून येणारं कामाचं 'शेड्यूल' निम्मं झालेलं असतं.

२००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली आणि नोव्हेंबरात पिंपरीत ट्रकच्या कारखान्याचं ब्लॉक क्लोजर सुरू झालं. हे काही दिवसांचं बंद प्रत्येकाला सारखं लागत नाही. कायम कामगाराचे दिवस बहुतेकदा रजेत किंवा पुढच्या सुट्टीत वळते होतात. ठेकेदाराच्या पोराला "पुढच्या आठवड्यात फोन करतो" एवढंच कळतं. शेडवाल्याचा बँकेचा हप्ता मात्र चालू राहतो. गंमत म्हणजे त्याच मंदीत, मार्च २००९ मध्ये, चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. पिंपरीत मशीन थांबलेलं आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर नवं बसलेलं. डिसेंबर २००८ मध्ये केंद्राने अबकारी कर चार टक्क्यांनी उतरवला, गाड्या पुन्हा खपू लागल्या. पण आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन त्याआधीच, सप्टेंबर २००७ मध्ये, थांबलं होतं आणि त्याचा लेहमनशी संबंध नव्हता. उत्तराखंडातल्या पंतनगरला, बजाजच्या नव्या कारखान्याला, करसवलत होती. मंदीच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी मंदीच्या नसतात.

२०१९ ची घसरण सरळ सरळ वाहनांची होती. आदल्या वर्षी जुलैत जड ट्रकवर वाहून नेण्याची मर्यादा वाढवली गेली, म्हणजे आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल मावू लागला. वित्तसंस्थांनी कर्जाचा हात आखडला. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे बीएस-६ नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं. ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री वर्षभरात ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. देशाची वाढ तरीही सुमारे चार टक्के होती, त्यामुळे कागदावर ही मंदी नव्हतीच.

पूर्वी अशा वेळी महापालिकाही हादरायची. पिंपरी-चिंचवडची तिजोरी जकातीवर भरायची, नाक्यावरून येणारा माल कमी झाला की रस्ते-गटारांचा पैसा कमी. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून तोही हटवायला लावला, आणि २०१७ पासून जीएसटीची भरपाई वरून येते. पालिकेची कारखान्यांशी असलेली ती रोजची नाळ तुटली.

आणि मग २०२०. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आकसलं, आणि पुण्यात मंदीने नेहमीची वाट सोडली. ज्यांच्या जोरावर शहर निर्धास्त होतं ते विद्यार्थीच निघून गेले. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं नाहीत म्हटल्यावर अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या खोल्या, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या सगळं एकदम गप्प. लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग ऐन लग्नसराईत बंद. हिंजवडीचे पगार घरी बसून चालू राहिले, पण कंपनीच्या गेटबाहेरचा पोहेवाला, कॅबवाला आणि पीजी चालवणाऱ्या मावशी त्या पगाराबाहेर पडल्या. पेन्शन मात्र दर महिन्याला जमा होत होती. 'पेन्शनर आणि विद्यार्थी' या वाक्यातलं तेवढंच अर्धं २०२० मध्ये खरं उरलं होतं.